सिमेंट बहिरं असतं

परवा आमच्या घराला नवीन दार बसलं. सुतार हत्यारं गोळा करत होता. मी बोट वाकवून दारावर तीनदा टकटक केली आणि लाकडाला कान लावला. सुतार माझ्याकडे बघत राहिला आणि मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "सर, दार उघडंच आहे."

त्याला काय सांगणार? मला दार उघडायचं नव्हतं. खाजाचाचा असते तर त्या दाराबद्दल काय म्हणाले असते, ते ऐकायचं होतं.

खाजाचाचा आमच्या मुरुम गावात पेट्या दुरुस्त करत. पेट्या म्हणजे हार्मोनियम. तालुक्यातल्या भजनी मंडळांच्या, कव्वालांच्या, शाळांच्या पेट्या त्यांच्याकडे येत, आणि सीमेपलीकडे कर्नाटकातल्या आळंद-कलबुर्गीकडूनही येत. बाजारगल्लीतलं त्यांचं दुकान एक माणूस आणि चार पेट्या मावतील एवढंच होतं. पाचवी पेटी आली की चाचा उठून बाहेर पायरीवर बसत. उंच, काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी आणि कानामागे पेन्सिल. चष्म्याची एक काडी कधीतरी तुटली होती, तिच्या जागी तानपुऱ्याची तार वळवून बसवलेली होती. "ही तार गात न्हाय आता," ते म्हणायचे, "म्हणून तिला कानाला लावली. ऐकू तरी दे बिचारीला."

त्यांची एक सवय साऱ्या मुरुमला माहीत होती. लाकूड दिसलं की चाचा त्याच्यावर टकटक करत. बाज, कपाट, बैलगाडीचं जू, तहसीलदारांचं टेबल, काहीही. तीनदा टकटक, मग कान, मग निकाल. निकाल दिल्याशिवाय ते पुढे सरकत नसत आणि त्यात कुणाची भीड धरत नसत. "सागवान. पण उपाशी ठेवलंय, तेल पाजा." "बाभूळ. अडाणी आहे, पण शब्दाला पक्कं." माझ्या आधीच्या दाराचा निकाल तर त्यांनी वास्तुशांतीच्या पंगतीत, भर लोकांत दिला होता. "सर, फसवलं तुमाला. वरनं सागवान, आतनं पुठ्ठा." त्यानंतर जेवायला बसलेला प्रत्येक पाहुणा हात धुवून झाल्यावर माझ्या दाराला टकटक करून गेला.

मी इथल्या हायस्कूलात मराठी शिकवत असे. शाळेच्या पेटीच्या निमित्ताने ओळख झाली आणि पुढे निमित्ताची गरज उरली नाही. चाचा फार बोलत नसत. पण सरळ सांगून होणार नाही असं एखादं काम असलं, की ते सुराचं कारण पुढे करत. हे त्यांचं तंत्र मला उशिरा कळलं. जवळच्या एका गावात दोन भजनी मंडळं होती. त्यांचं इतकं वाकडं होतं की एकादशीला समोरासमोरच्या दोन देवळांत बसून एकमेकांवर भजन फेकायचे. दोन्ही मंडळांच्या पेट्या एकाच महिन्यात दुरुस्तीला आल्या. चाचांनी दोन्ही पेट्यांच्या आतल्या पितळी पत्त्या घासून त्या एकाच सुरात आणून ठेवल्या. पुढच्या एकादशीला दोन्हीकडून भजन सुरू झालं आणि रस्त्यावरच्या माणसाला ते एकच वाटायला लागलं. तासाभराने एका मंडळाचा टाळ दुसऱ्याच्या ठेक्यात पडू लागला. वर्षभरात देवळं दोन राहिली, मंडळ एक झालं. मी विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "म्या फक्त सूर सरळ केला, सर. माणसं सरळ करायला मी काय तहसीलदार हाय का?"

दर गुरुवारी दुकान बंद ठेवून चाचा पेटी मोटारसायकलला बांधत आणि सास्तूरकडच्या एका गावी जात. तिथे कर्णबधिर मुलांची छोटी शाळा होती. बहिऱ्या मुलांना पेटी वाजवून दाखवणारा माणूस म्हटल्यावर लोक हसायचे, आणि मीही मनातल्या मनात हसलो होतो. एका गुरुवारी त्यांच्याबरोबर गेलो. चाचांनी पेटी टेबलावर ठेवली आणि मुलांचे तळहात तिच्या लाकडावर टेकवले. एका वेळी चारच मुलं मावत. ते भाता हलवून खालचा षड्ज धरत आणि मुलांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकत जाई, जसा पाण्यावरून वारा जातो. बाकीची मुलं रांगेत उभी राहून ढकलाढकली करत. चाचांसाठी त्या मुलांनी एक खूण ठरवली होती. एक हात छातीशी धरून पंख्यासारखा हलवायचा. भाता म्हणजे चाचा.

शाळेच्या मुख्याध्यापिका शोभाताई त्या दिवशी वर्गभर फिरत होत्या. पाठमोऱ्या मुलांना बोलवायचं तर हाक उपयोगाची नाही. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावायला लागे. दिवा बंद-चालू करूनही मुलं वळतात म्हणे, पण आपल्याकडे दिवा शाळेला न विचारताच बंद-चालू होतो, त्यामुळे मुलं त्याच्याकडे लक्ष देईनाशी झाली होती.

चाचांनी जमिनीवर टकटक केली. त्यांना लाकूड सोडून इतर कशावर टकटक करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"सिमेंट बहिरं असतं, सर," ते म्हणाले. "हितं पोरं बी बहिरी आन् जमीन बी बहिरी. फळ्यांची जमीन पायजे. एक पाय आपटला की साऱ्या पोरांना कळंल. तबला पायानं ऐकतील."

"मग लाकडाची का नाही केली?"

"भूकंपानंतर ह्या भागात लाकूड कुणाला नको झालंय. सारं गाव सिमेंटमधी बांधलं. खरं म्हणजे मारलं दगड-मातीनं. लाकूड उगं बदनाम झालं."

तेव्हापासून खाजाचाचांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: त्या वर्गाला फळ्यांची जमीन. भेटेल त्याला ते सांगत. लोक माना डोलवत आणि दुसऱ्या विषयाकडे वळत.

त्याच सुमारास रावसाहेबांनी महोत्सव काढला. रावसाहेब आमच्या भागातले मोठे द्राक्ष बागायतदार. वडिलांची कापसाची जिनिंग होती, ती त्यांनी मोडली आणि वाइन काढायला सुरुवात केली. माणूस मनाने चांगला, फक्त साधी गोष्ट साधेपणाने करायची त्यांना सवय नव्हती. मळ्यातच शास्त्रीय गायन, सोबत उंची वाइन, आणि उत्पन्न 'सामाजिक कार्यासाठी', असा बेत ठरला. कार्य म्हणून बहिऱ्या मुलांची शाळा निवडली गेली. बहिऱ्यांसाठी गाणं ठेवण्यात काही विसंगती आहे, असं समितीत कुणाला वाटलं नाही. उद्घाटनाला तेरखेड्याचे फटाके लावावेत, अशीही सूचना आली होती. ती एका सभासदाच्या कुत्र्यामुळे बारगळली.

मला स्मरणिकेच्या प्रस्तावनेसाठी समितीत घेतलं होतं आणि चाचांना वाद्यांच्या देखभालीसाठी. बैठकीत चाचांनी फळ्यांच्या जमिनीचा विषय काढला. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग महोत्सवासाठी पुण्याहून आणलेले एक संयोजक म्हणाले, "कल्पना हृद्य आहे. पण जमिनीवर देणगीदारांची नावं कुठे लिहिणार? आपण शाळेला चांगली ध्वनियंत्रणा देऊ. दोन मोठे स्पीकर. त्यांच्या पुढच्या बाजूवर नावांना भरपूर जागा असते."

ठराव एकमताने मंजूर झाला. बहिऱ्यांच्या शाळेला स्पीकर. मी चाचांकडे पाहिलं. ते समोरच्या टेबलावर टकटक करत होते.

"प्लायवुड," ते हळूच म्हणाले. मग मोठ्यांदा म्हणाले, "रावसाहेब, स्टेज कशाचं करणार?"

"लोखंडी सांगाडा, वर प्लाय. का?"

"मग गाणं व्हायचं न्हाय. गायला येणाऱ्या बाई धारवाडकडच्या. त्यांचा तानपुरा लोखंडावर बसायचा न्हाय, रुसतो. खाली पोकळी आन् वर सागवानी फळ्या पायजेत. तुमच्या जिनिंगच्या गोदामाचं सागवान पडून आहे न्हवं?"

पुण्याचे संयोजक घाईने म्हणाले, "ते सागवान वाइन चाखायच्या टेस्टिंग रूमच्या काउंटरसाठी राखून ठेवलंय."

"आधी गाणं, मग काउंटर," रावसाहेब म्हणाले. गायिकेचा तानपुरा रुसतो हे ऐकून ते प्रभावित झाले होते. मोठ्या माणसांच्या वस्तू रुसतात हे त्यांना पटण्यासारखं होतं. "मापं तुम्ही द्या, चाचा."

चाचांनी कानामागची पेन्सिल काढली आणि मापं तिथल्या तिथे, न अडखळता लिहून दिली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

महोत्सवाच्या दिवशी चाचा निघाले तेव्हा चाची दारात उभ्या होत्या. "ह्या वयात दारूच्या कार्यक्रमाला चाललेत," त्या मला म्हणाल्या. "मोहल्ल्यात तोंड काय दाखवू?"

"दारूला न्हाय, लाकडाला चाललोय," चाचा म्हणाले आणि माझ्या स्कूटरवर बसले.

मळ्यात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. द्राक्षाच्या ओळींमध्ये पांढरी कापडं घातलेली टेबलं, पागोटी बांधलेले वाढपी आणि एका बाजूला वाइनची लाकडी पिपं. चाचा सरळ पिपांकडे गेले. टकटक. कान. बराच वेळ कान काढेचनात.

"काय लाकूड हाय," ते म्हणाले. "ह्यात दारू भरायला माणसाचं मन कसं झालं?"

शेजारी वाइनचे जाणकार लोकांना माहिती देत होते. ग्लास फिरवून, नाक आत घालून ते म्हणाले, "यात जांभूळ आहे. पावसानंतरची माती आहे. आणि अगदी शेवटी जुन्या चामड्याचा हलका गंध."

"चामड्याचा गंध मला रोज येतो," चाचा मला म्हणाले. "पेटीचा भाता उघडला की. त्याला कुणी ग्लास देत न्हाय."

शाळेची मुलं शोभाताईंबरोबर आली होती. पाहुण्यांना गुलाब देऊन झाल्यावर त्यांना पार मागे, वाहनतळाजवळ बसवायचं ठरलं होतं. चाचांनी त्यांना गुपचूप स्टेजच्या मागच्या बाजूला आणलं आणि फळ्यांच्या कडेला ओळीने उभं केलं. संयोजक धावत आले.

"यांना इथे कुणी आणलं?"

"तानपुऱ्याला मागनं वारा लागतोय," चाचा शांतपणे म्हणाले. "आडोसा पायजे."

बाई आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू. तानपुरे लावायला चाचांनी इतका वेळ घेतला की निवेदिकेची कविता संपली, दुसरी कविता संपली आणि प्रायोजकांचे आभार दोनदा मानून झाले. चाचा 'लागला' असं कधीच म्हणत नसत. ते फक्त हात काढून घेत. अखेर बाईच "साकु" म्हणाल्या. कानडीत साकु म्हणजे पुरे. चाचांनी हात काढला आणि राग मुलतानी सुरू झाला.

दहा मिनिटं सुंदर गेली. मग पहिल्या रांगेत कुणीतरी कुणाच्या तरी ग्लासला ग्लास भिडवला. टिंग. मग पुढच्या टेबलावर टिंग, त्याच्या मागच्या टेबलावर टिंग. समाजकार्य करताना लोकांना परस्परांचं अभिनंदन करावंसं वाटतं, त्याला इलाज नाही. बाईंनी एकदा डोळे उघडले, दोनदा उघडले. तिसऱ्यांदा त्यांनी गाणं थांबवलं आणि पाणी मागितलं. कपाळावरची आठी मला शेवटच्या रांगेतून दिसत होती. गाणं तिथेच संपतं की काय, असं वाटलं. रावसाहेब पांढरे पडले. बंद करा म्हणावं तर देणगीदार दुखावतील आणि न म्हणावं तर बाई उठतील.

चाचा स्टेजवरून उतरले, एक ग्लास उचलला, नखाने वाजवला आणि ऐकलं.

"रावसाहेब, गलास किंचित चढा बोलतोय. बाईंच्या षड्जाच्या डोक्यावर बसतोय. म्हणून त्यांना तरास होतोय. हा भरून उतरवायला लागंल."

"म्हणजे?"

चाचांनी वाढप्याच्या हातातली बाटली घेतली. त्यांनी बाटली अशी धरली होती जशी आपण दुसऱ्याचं मूल धरतो. ओतत गेले, वाजवत गेले. ग्लास अर्ध्याच्या बराच वर, अगदी काठाला टेकेपर्यंत भरला. "हां. हितं. हितं तो षड्जाला येतो. सगळे असेच भरा. आन् कमी झाला की परत चढतो, तवा लगेच भरा."

वाइनच्या जाणकारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "एक तृतीयांश! ग्लास एक तृतीयांशच भरायचा असतो. गंधाला जागा लागते."

"गंध घ्या की," चाचा म्हणाले, "पण सुरात घ्या."

रावसाहेबांनी जाणकारांकडे पाहिलं, स्टेजवरच्या बाईंकडे पाहिलं आणि वाढप्यांना हात केला. पाच मिनिटांत साऱ्या मळ्यात ग्लास काठोकाठ झाले. आणि खरोखरच टिंग बंद झालं. बाईंनी डोळे मिटले आणि मुलतानी जिथे सोडला होता तिथून उचलला. वाढपी घोटाघोटाला ग्लास भरत होते, कारण तशी आज्ञा होती, आणि पाहुणे पीत होते, कारण भरलेला ग्लास हातात धरून ठेवणं अवघड असतं. मळ्यावर हळूहळू फार मोठा सद्भाव पसरला.

मी शेवटच्या रांगेत बसून विचार करत होतो. ग्लास सुरात आले होते का, ते देव जाणे. मला एवढंच दिसत होतं की काठोकाठ भरलेला ग्लास कुणी कुणाला भिडवत नव्हतं. रेशमी कुडत्यांवर तांबडे डाग पडतील या भीतीने देणगीदार ग्लास दोन्ही हातांत धरून, तीर्थासारखे पुढ्यात घेऊन, हलायचे थांबले होते.

नंतर मी चाचांना हे विचारलं. ते म्हणाले, "बाईंचा सूर लागला का न्हाय? मग?"

तबला सुरू झाला तेव्हा बाईंचं लक्ष मागे गेलं. स्टेजच्या कडेला ओळीने उभी असलेली मुलं तळहात फळ्यांवर टेकवून, काही तर गाल टेकवून, समेवर हसत होती. तबल्याची थाप पडली की सगळी एकदम. बाईंनी ते पाहिलं, तबलजीला डोळ्याने काही सांगितलं, आणि डग्गा असा घुमू लागला की मुलांच्या हसण्याचा आवाज पुढच्या रांगेपर्यंत आला. त्या आवाजाला मात्र त्या थांबल्या नाहीत.

गाणं संपल्यावर सत्कार सुरू झाले. दोन स्पीकर फुलांच्या माळा घालून स्टेजवर आणले. त्यांच्या पुढच्या बाजूवर सोनेरी अक्षरांत नावं होती. शोभाताईंनी ते स्वीकारले आणि हसू दाबलं. मग रावसाहेबांनी चाचांना बोलावून शाल घातली. ध्वनिक्षेपकावर, सगळ्यांच्या देखत, भरल्या ग्लासाच्या आनंदात ते म्हणाले, "चाचा, आज तुम्ही लाज राखली. मागा, काय पाहिजे ते."

चाचा खाली वाकले. स्टेजच्या फळीवर त्यांनी तीनदा टकटक केली. ध्वनिक्षेपक जवळ होता, त्यामुळे ती टकटक साऱ्या मळ्याला ऐकू गेली.

"पन्नास वर्सं सरकी वाहिली, तरी खणखणीत आहे," त्यांनी निकाल दिला. "हे द्या."

"काय, स्टेज?"

"स्टेज."

"अहो, पण ते काउंटर..." पुण्याचे संयोजक पुढे झाले. चाचा रावसाहेबांकडे पाहत नव्हते; मागे उभ्या मुलांकडे पाहत होते. त्यांचा हात अजून फळीवरच होता. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाकडे असं सरळ काही मागताना पाहिलं नव्हतं.

बाईंनी तानपुरा बाजूला ठेवला. "कोडरि," त्या रावसाहेबांना म्हणाल्या. द्या म्हणून. रावसाहेबांना कानडी येत नव्हतं, पण ते एवढं त्यांनाही कळलं.

"दिलं," ते म्हणाले. टाळ्या वाजवायला लोकांना ग्लास खाली ठेवावे लागले.

आठवड्याने फळ्या ट्रॅक्टरने शाळेत गेल्या. मी गेलो तेव्हा सुतार शेवटची फळी बसवत होता. वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फळ्या बसल्या होत्या, एकही कापावी लागली नव्हती. चारी बाजूंनी बरोबर बोटभर फट.

"चाचा," मी म्हणालो, "स्टेजचं माप तुम्ही कुठून काढलं होतं?"

ते पेटीची माती पुसत राहिले. "पावसाळ्यात लाकूड फुगतं," ते म्हणाले. "म्हणून बोटभर सोडली."

माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. पण तोवर मला त्यांची उत्तरं वाचता यायला लागली होती. गायिकेचा तानपुरा, त्याचं लोखंडावर रुसणं, त्याला मागून लागणारा वारा, सगळं मी मनात पुन्हा एकदा लावून पाहिलं आणि हसू आवरेना.

ते दोन स्पीकरही चाचांनी वाया जाऊ दिले नाहीत. फळ्यांवर उपडे ठेवले, म्हणजे तबल्याची ध्वनिफीत लावली की सारी जमीन बोलेल. त्यामुळे देणगीदारांची नावं खाली गेली. मुलांनी स्पीकरच्या पाठीवर बसायला सुरुवात केली.

त्यानंतर दोन हिवाळ्यांनी चाचा गेले. आता दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. पण त्यांना आठवलं की मला डोळ्यांसमोर येतो तो त्या शाळेतला दिवस. सुतार निघून गेला होता. शोभाताई सवयीने मुलांच्या खांद्यांना हात लावायला निघाल्या, तेव्हा चाचांनी त्यांना हाताने थांबवलं. वीस-बावीस मुलं पाठमोरी, खिडकीतून ट्रॅक्टर बघत गर्दी करून उभी होती. चाचांनी चपला काढल्या, दाराजवळच उकिडवे बसले, बोट वाकवलं आणि फळीवर टकटक केली. एकदा, दोनदा, तीनदा.

सगळी मुलं एकदम वळली. क्षणभर त्यांना कळेना की आपण का वळलो. मग त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि सगळ्यांचे हात छातीशी जाऊन पंख्यासारखे हलू लागले.

मी वाट पाहत होतो. पण त्या दिवशी चाचांनी लाकडाला कान लावला नाही, आणि निकालही दिला नाही.